परांचीची भोकं

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जहूर पडला!

सकाळी सव्वादहा. मी खाली पोर्टाकॅबिनमध्ये ड्रॉइंगची प्रिंट काढत होते. आवाज आला — फार मोठा नाही, सिमेंटचं पोतं टाकल्यासारखा. मग आरडाओरडा. धावत जिना चढले. मॉलच्या मनोऱ्याचा पहिला टप्पा जिथे संपतो त्या गच्चीवर तो कुशीवर पडला होता. एक पाय भलत्याच दिशेला. हेल्मेट डोक्यावर होतं, तेवढी देवाची कृपा. शेजारी एक फळी, दोन लोखंडी पाइप आणि दगडी रंगाचा चुरा. वर, साडेपाच मीटरवर, एका चौकोनी भोकाच्या जागी भगदाड.

त्या भगदाडाकडे बघितलं. काय झालं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. साइटवरच्या दीडशे माणसांत फक्त मला.

तो कण्हत होता. "मॅडम, पाय... पाय कुठं हाय माझा?" एवढं बोलला आणि शुद्ध गेली. अँब्युलन्स अठरा मिनिटांनी आली. अक्षर कसलं येतंय, नुसते किडे-मुंग्या.

१९ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. कंबरेचं हाड, मांडीचं हाड, डोक्याला मार. शुद्ध नाही. तबिशने कळवलं — जहूरचा मावसभाऊ, कंपनीची बस चालवतो, बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत दोघं एका खोलीत राहतात.



२० फेब्रुवारी, गुरुवार

साइट बंद. घरी बसलेय. काही सुचत नाही म्हणून लिहितेय.

मॉल लुसैलला. मालकाला 'जुनं युरोप' हवं होतं. फरसबंदीचा रस्ता, खोटा कालवा, आणि मधोमध अडतीस मीटरचा गॉथिक घंटामनोरा. घंटा मात्र नको. क्रॉस नको. जिथे घंटा असायला हवी त्या मजल्यावरच्या उभ्या खिडक्यांमागून फूड कोर्टच्या स्वयंपाकघरांचा धूर बाहेर सोडायचा! पहिल्या मीटिंगमध्ये हे ऐकून मी मान खाली घालून हसले होते. आणि तरी त्या संध्याकाळी घरी आले ती नाचतच. वीस वर्षं या कतारमध्ये पार्किंगचे रॅम्प आणि टॉयलेट ब्लॉक काढले, आणि आता मनोरा! खोटा का होईना.

हे वेड जुनं. नाशिकला नारोशंकराच्या देवळात मोठी घंटा आहे. वसईच्या लढाईनंतर आणलेली, मुळात चर्चची, असं आई सांगायची. मी तिला विचारलं होतं, घंटा इथे, मग तिचा मनोरा कुठे? आई म्हणाली, असेल तिकडेच. तेव्हापासून मी तो शोधतेय. आर्किटेक्चरच्या कॉलेजात सगळी पोरं काचेच्या इमारती काढत होती तेव्हा मी लायब्ररीत बसून चौदाव्या शतकातले मनोरे उतरवून घेत होते. सेहेचाळीस वर्षांची झाले, खरा मनोरा एकही बघितला नाही. सुट्टी मिळाली की नाशिक. दरवेळी नाशिक.

पण पाठ आहेत मला ते. खाली भिंत तीन-तीन मीटर जाड, वर प्रत्येक टप्प्याला थोडी मागे सरत, हलकी होत गेलेली. बाहेरून भिंतीला टेकू देणारे धिरे. चुना सावकाश सुकतो म्हणून वर्षाला मोजकेच थर चढवायचे, थंडी आली की भिंतीच्या माथ्यावर गवत आणि शेण पसरून काम बंद. पाया घालणारा गवंडी कळस बघायला जिवंत नसे, त्याचा नातूसुद्धा कधीकधी नसे. घंटा भिंतीला टांगत नाहीत, आत लाकडाचा वेगळा सांगाडा उभा करतात, म्हणजे घंटा झुलली तरी तिचा हिसका दगडाला लागत नाही. किती विचार केलाय त्या लोकांनी! आणि ती भोकं —

नाही. आज नको.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल अर्धवट सोडलं. आज लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

त्या मनोऱ्यांच्या भिंतींत ठरावीक अंतरावर चौकोनी भोकं असतात. बांधताना त्यांत लाकडं घालायची, लाकडांवर फळ्या, तीच परांची. काम वर गेलं की लाकडं काढायची, भोकं बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवायची. शे-दोनशे वर्षांनी कुणाला दुरुस्तीला चढायचं झालं तर त्याने त्याच भोकांत लाकडं घालायची. मला त्या भोकांचं नेहमी भारी वाटत आलंय. कमानी काय, कुणीही काढतं. भोकं माणसांची असतात.

म्हणून मी ती आमच्या मनोऱ्यावर काढली. एकशे बारा. कन्सल्टंट म्हणाला, काय हे, कबुतरं बसतील. मी भांडले. जुन्या मनोऱ्यांचे चाळीस फोटो दाखवले. पास करून घेतली. या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये माझा एवढाच काय तो विजय.

आमची भोकं म्हणजे काय? आतून लोखंडी सांगाडा, त्यावर काचतंतू घातलेल्या सिमेंटची पातळ पॅनेल. जाडी अठरा मिलिमीटर. भोक म्हणजे त्याच पॅनेलमधलं पोकळ खोकं. मागे काही नाही. हवा.

आणि जहूर. दाभोळचा, वय बावन्न, पॅनेल बसवणाऱ्या टोळीतला. मुकादम दुसराच, पण टोळी ऐकते जहूरचं. जानेवारीत मी फोनवर नवऱ्याला, संजीवला झापत होते — भाजी आणायला तुला काय धाड भरलीय म्हणून — तर मागून कुणीतरी खुदकन हसलं. "मॅडम, तुमी तर आपल्यातल्याच निघालांव!" तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटं मराठी. साइटवर दिवसभर हिंदी-इंग्लिश चघळून तोंड आंबतं, त्यात ती दहा मिनिटं. त्याचे वडील गवंडी, जांभ्याची घरं बांधायचे. भोकांची गोष्ट मी त्याला ड्रॉइंग पसरून सांगितली.

"बाबा पण ठेवायचे भोकं," तो म्हणाला. "काम झालं की बुजवायचे. हे लोक बुजवत नव्हते?"

"नाही. उघडी ठेवायचे. पुढच्या माणसासाठी."

"पुढच्या मानसासाठी! शानी मानसं होती."

आमची पोकळ आहेत हे मी सांगितलं नाही. पॅनेल किती पातळ ते त्याला माहीत होतं. पण जिथे वजन येणार तिथे मागून लोखंड देतात, हेही त्याला माहीत होतं. आणि मी अशा कौतुकाने सांगत होते, की त्याला वाटलं असणार — मॅडमनी भोकं कामासाठी ठेवलीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अजून एक आहे. लिहून टाकते.

तेरा तारखेला, म्हणजे पडायच्या पाच दिवस आधी, मी गच्चीवर गेले तर जहूरने एका भोकात दांडकं खुपसून त्याला सिमेंटच्या मसाल्याची बादली टांगली होती. मला बघून म्हणाला, "मॅडम, बघा! पुढचा मानूस!"

मी हसले. फोटो काढला. फोटोत तो आहे, बादली आहे, भोक आहे, आणि कडेला माझी सावली. "वा जहूरभाई, अगदी असंच!" — हे माझे शब्द.

तेव्हा मनात आलं होतं, सांगावं की काढा ते, आत पोकळ आहे. हो, आलं होतं! इथे तरी खोटं कशाला लिहू. पण तो इतका खूश होता, आणि मी त्याच्याहून. सांगते नंतर, म्हटलं. चार-पाच किलोची तर बादली.

मंगळवारी माणसांना वर नेणारी मॅनलिफ्ट पलीकडच्या बाजूला अडकली होती. अकराला कन्सल्टंट येणार होता, कंगोऱ्याचा एक टवका भरायचा राहिला होता, खालून मुकादम ओरडत होता, यल्ला, यल्ला, उरका. जहूरने दोन भोकांत दोन पाइप घातले, त्यावर फळी टाकली आणि शिडीने चढला. हार्नेसचा पट्टा अडकवला तोही त्यातल्याच एका पाइपला.

जीभ झडो माझी.

२३ फेब्रुवारी

साइट सुरू. सेफ्टीवाल्याने भगदाडाचे फोटो काढले. त्याने विचारलं, ही भोकं डिझाइनमध्ये कशासाठी? मी म्हटलं, डेकोरेटिव्ह.

खरंच तर बोलले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

संजीवला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला, म्हणजे प्रकरण गंभीर. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न — "फोटो कुणाला पाठवलायस?"

जहूर कसा आहे, हे नाही.

"नयन, नीट ऐक. तू त्याला चढ म्हणालीस का? नाही. मग? एकदा लेखी दिलंस की केस. केस म्हणजे ट्रॅव्हल बॅन. वर्ष, दोन वर्षं, कोण जाणे. कैवल्यची बोर्डाची परीक्षा चालू आहे. जूनमध्ये त्याला पुण्याला सोडायला कोण जाणार?"

"आणि जहूर?"

"त्याचं कंपनी बघेल."

कंपनी काय बघणार ते दोघांनाही ठाऊक. स्वतःच्या मनाने नियम मोडून चढला असं ठरलं की भरपाई खलास, नोकरी खलास. बायको दाभोळला, दोन मुली. कंबर मोडलेला गडी घरी.

संजीव वाईट माणूस नाही. तो घाबरलाय. मी त्याहून घाबरलेय, आणि माझ्या भीतीला त्याने सोयीस्कर कारणं काढून दिली.

फोटो डिलीट केला.

२५ फेब्रुवारी

डिलीट केलेले फोटो तीस दिवस फोनमध्येच राहतात. हे मला माहीत होतं? माहीत होतं. काढून बघितला. खाली लिहून येतं — २९ दिवस.

२८ फेब्रुवारी

जहूर शुद्धीवर आला! तबिशचा मेसेज. अल्हम्दुलिल्लाह असं तीनदा लिहिलंय. मी देवापाशी दिवा लावला. मग तिथेच बसून मनात पहिलं काय आलं — तो आता बोलेल.

असली बाई आहे मी.

२ मार्च, रविवार

हॉस्पिटलला गेले. रोजा सुटल्यावर, गर्दी कमी असेल म्हणून. कॉटला लोखंडी सळ्या, पायाला वजन, चेहरा अर्धा झालेला. मला बघून उठायला बघतोय! "मॅडम, तुमी कशाला आलांव एवढ्या लांब."

खजूर नेले होते. तबिशने ते उशाशी ठेवले. मग मी विचारलं. विचारायचंच होतं मला, त्यासाठीच तर गेले होते. "जहूरभाई, काय झालं होतं, आठवतं का?"

तो छताकडे बघत राहिला. "काय आठवत नाय मॅडम. सकाळी चा प्यालो, तेवढं आठवतं. मग इथंच."

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं. आठवण येईल, कदाचित कधीच नाही येणार.

माझे खांदे सैल झाले. खरोखर! इतके दिवस कुणी दाबून धरले होते ते सोडले. खजुराचा एक तुकडा मीही खाल्ला.

निघताना त्याने विचारलं, "चौकशीला तुमाला पण बोलवतील ना?"

"हो. नऊ तारखेला."

"मग बरं झालं," म्हणाला, आणि डोळे मिटले. तिथे एक तरी आपलं माणूस असेल म्हणून बरं वाटलं असेल बिचाऱ्याला. लिफ्टमध्ये मी रडले. गाडीत बसेपर्यंत डोळे कोरडे झाले होते. त्याचंही वाईट वाटलं.

५ मार्च, बुधवार

पत्र लिहिलं. इंग्लिशमध्ये, सेफ्टी डिपार्टमेंटच्या नावे. एक पान. भोकांचा मूळ उपयोग मी कामगाराला समजावला होता. ती पोकळ आहेत, वजन पेलणार नाहीत, हे सांगितलं नव्हतं. तेरा तारखेला वापर होताना मी स्वतः पाहिला, थांबवला नाही. फोटो जोडला आहे. फोटो परत जागेवर आणला. पत्र ड्राफ्टमध्ये ठेवलं.

बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं.

आज एक जुनी गोष्ट सारखी डोक्यात घोळतेय. त्या मनोऱ्यांतल्या घंटांना नावं असायची. ओतायच्याही बरेचदा मनोऱ्याच्या पायाशी खड्डा खणून, इतकं वजन लांबून आणणार कोण. मग तिचं बारसं. पाणी शिंपडायचं, नाव ठेवायचं, ते नाव तिच्या अंगावर कोरायचं. सहाशे वर्षांनीही वाचता येतं. आणि परांचीवरून जे पडले असतील, त्यांची कुठे नोंद? एवढी पुस्तकं वाचली, एक नाव मला सांगता येणार नाही. मला कधी प्रश्नही पडला नाही. भोकं माणसांची असतात म्हणे! मी भोकंच बघत बसले.

६ मार्च

पाठवलं नाही. उद्या शुक्रवार, ऑफिस बंद.

८ मार्च

कैवल्य रात्री जेवताना म्हणाला, "आई, यू ओके? यू पुट सॉल्ट ट्वाइस." संजीव म्हणाला, तिला काम जास्त आहे. मुलगा परत पुस्तकात. कोवळी-कोवळी दाढी यायला लागलीय त्याला. याच्यासाठी करतेय मी हे, असं मनाशी म्हणून बघितलं. बसलं नाही.

पत्र नेईन उद्या चौकशीला. हातात देईन. मेल कशाला, हातातच.

९ मार्च, रविवार

चौकशी.

तीन जण टेबलापलीकडे. पाणी ठेवलेलं, रमजान म्हणून कुणी घेतलं नाही, मीही नाही. पत्र पर्समध्ये, चार घड्या. नाव, पद, किती वर्षं. ड्रॉइंगचे नंबर. भोकांची मंजुरी कुणी दिली. सगळी उत्तरं चोख.

मग मधल्याने शांतपणे विचारलं — घटनेपूर्वी या भोकांचा कुणी आधारासाठी वापर करतंय हे तुमच्या निदर्शनास आलं होतं का?

मला पर्सची चेन दिसत होती. हात तिच्यावर होता.

"नो," मी म्हटलं.

त्याने लिहून घेतलं. थँक्यू म्हणाला. दाराशी पोचेपर्यंत सात पावलं. सात वेळा वळता आलं असतं. बाहेर आले, आणि बाहेर मुकादम उभा होता, त्याने विचारलं, हो गया मॅडम? मी म्हटलं, हो गया.

आधी गप्प होते. आता खोटी आहे.

१० मार्च

भोकं बुजवायचा हुकूम आला. एकशे बाराच्या एकशे बारा. मीच सही केली.

१४ मार्च, शुक्रवार

जैतूनचा फोन आला. जहूरची बायको. नंबर तबिशने दिला असणार. आवाज लहान मुलीसारखा.

"मॅडम, तुमी बघायला गेला होतांव ना त्यांना. ते सांगत होते. लय आधार वाटला."

मी हं, हं करत राहिले.

"मॅडम, एक इचारू? ते असे पडतील कसे? आमच्याकडं माडावर चढायला मानसं त्यांनाच बोलवायची. उभ्या जन्मात कधी पाय घसरला नाय. कंपनीवाले बोलतात त्यांनी चूक केली. तुमी सायबलोकांत असतांव, तुमाला काय ठावं असेल तर सांगा ना."

मी म्हणाले, चौकशी चालू आहे. इन्शाल्ला, सगळं नीट होईल.

इन्शाल्ला! देवाचं नाव घेऊन सांगितलं मी तिला. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बघवेना. तिने मला 'तुम्ही तिथे होतात का' असं विचारलं असतं तर मी काय केलं असतं? हेच केलं असतं.

१७ मार्च

पत्र अजून पर्समध्ये. घड्यांवर फाटायला लागलंय.

१९ मार्च, बुधवार

आज साइटवर एकटी वर गेले. घंटेच्या मजल्यापर्यंत. धुराच्या डक्टच्या पत्र्यांमधून वाट काढत. खिडक्यांच्या तिरक्या पट्ट्या मी अगदी मूळच्या कोनात काढल्यात. तो कोन अशासाठी, की घंटेचा आवाज आकाशात वाया न जाता खाली गावात उतरावा. इथून उतरणार तळणाचा वास.

त्या लोकांच्या मनोऱ्यात खोटं काहीच नव्हतं. धिरा असेल तर तो खरंच भिंत धरून होता. भोक असेल तर त्यात माणसाचं वजन पेलायची ताकद होती. सुंदर दिसायचं म्हणून त्यांनी काही केलं नाही असं नाही, पण माणूस ज्यावर पाय ठेवेल त्यात फसवलं नाही. मी त्यांची नक्कल केली. रंग, कोन, मापं — सगळं मिलिमीटरला बरोबर. तेवढं एक सोडून.

कठड्याजवळ जरा जास्तच वेळ उभी राहिले. मग खालून कुणीतरी हाक मारली. उतरले.

२० मार्च

काल कठड्याचं लिहिलं ते संजीवने वाचलं नाहीये. वाचायला हवं होतं का त्याने? कपाटात कुलूप लावून ठेवते आणि वर ही अपेक्षा.

संध्याकाळी मीच त्याला सांगितलं, मला बरं वाटत नाहीये, नुसतं थकल्यासारखं नाही, त्याहून वाईट. तो शेजारी येऊन बसला. हात धरून. बराच वेळ. म्हणाला, "मी चुकीचं सांगितलं का तुला?" पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, तू सांगितलंस, पण 'नो' मी म्हटलं. डॉक्टरकडे जाऊ म्हणतोय. जाईन.

२५ मार्च, मंगळवार

रिपोर्ट आला. कामगाराने स्वतःच्या मनाने, कुणालाही न विचारता, अनधिकृत आधार वापरला. पर्यवेक्षणात दोष आढळला नाही. डिझाइनमध्ये दोष आढळला नाही.

कुणीतरी माझ्या टेबलावर बकलावाचा डबा ठेवून गेलं. प्रोजेक्ट सुटला म्हणून!

तबिश बसजवळ भेटला. म्हणाला, ईदनंतर जहूरला गावी पाठवताहेत. व्हीलचेअरवर. नुसतं म्हणाला, "भाई विचारत होता, मॅडम बऱ्या हायत ना."

३० मार्च, रविवार

ईद. तबिशकडून शीरखुर्मा आला, स्टीलच्या डब्यात. डबा परत रिकामा देऊ नये म्हणून करंज्या करायला घेतल्या. सगळ्या तेलात फुटल्या.

३ एप्रिल, गुरुवार

आज दुपारचं विमान होतं. एअरपोर्टवर जायचं ठरवलं होतं. रजाही टाकली. कपडे करून गाडीत बसले, किल्ली लावली. पार्किंगमध्येच तासभर एसी चालू ठेवून बसून राहिले. तबिशचा फोटो आला: जहूर व्हीलचेअरवर, मांडीवर पिशवी, नवीन शर्ट, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय.

विमान गेलं असेल. खलास.

७ एप्रिल, सोमवार

उद्घाटनाची तालीम. मनोऱ्यावर सोनेरी दिवे. स्पीकरवरून मंद संगीत सोडलं, घंटेसारखं पण घंटा नाही. कन्सल्टंट माझ्याजवळ येऊन म्हणाला, भोकं बुजवल्यावर किती स्वच्छ दिसतोय बघा, तुम्ही उगाच भांडलात. मी म्हटलं, हो. उगाच.

मालकाने माझ्याशी हात मिळवला. फोटोत मी मधे आहे.

पत्र आज फाडायला काढलं. फाडलं नाही. परत पर्समध्ये ठेवलं. का, ते माहीत नाही.

९ एप्रिल, बुधवार

दाभोळहून जहूरचा आवाज आला फोनवर. चाळीस सेकंदांचा मेसेज. मागे समुद्र आणि कोंबडा.

"मॅडम, सलाम. घरी पोचलो. जैतून तुमाला दुवा देते. एक बोलायचं राहिलं — मला सगळं आठवत होतं मॅडम. मुद्दाम नाय बोललो. माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं असतं तर तक्रार केल्यासारखं झालं असतं. तुमी चौकशीला जानार होतांव, म्हटलं तुमी सोताच सांगाल, तेच बरं." आणि शेवटी, "मॅडम, तुमी सांगितलं, तरी त्यांनी आयकलं नाय काय?"